प्रजासत्ताकाचा सम्राट

1806 साली फ्रान्समध्ये पाडलेल्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला ‘नेपोलियन सम्राट’ आणि दुसऱ्या बाजूला ‘फ्रेंच प्रजासत्ताक’ अशी अक्षरे आहेत. हा टांकसाळीचा गोंधळ नव्हता. प्रजासत्ताकाचे शासन एका सम्राटाकडे सोपवण्यात येत आहे, असे 18 मे 1804 च्या सिनेटच्या ठरावातच म्हटले होते. सोळाव्या लुईचा शिरच्छेद होऊन तेव्हा बारा वर्षेही उलटली नव्हती. एका महत्त्वाकांक्षी सेनापतीने क्रांती गिळली, असा निष्कर्ष यावरून सहज काढला जातो. मला तो अपुरा वाटतो. साम्राज्याचे बीज खुद्द क्रांतीच्या पायाभूत सिद्धान्तातच पडले होते.

सार्वभौम सत्ता एकच असते, तिचे वाटे होत नाहीत, हा विचार फ्रेंच विचारवंत बोदँने 1576 मध्ये मांडला तो धर्मयुद्धांनी पोखरलेले राज्य सावरण्यासाठी. राजांना तो अर्थातच सोयीचा वाटला. रूसोने 1762 मध्ये सत्तेचा धनी बदलला आणि राजाच्या जागी जनतेला बसवले. सत्तेची अखंडता मात्र त्याने तशीच ठेवली. तिसरा वर्ग, म्हणजे धर्मगुरू आणि सरदार सोडून उरलेली प्रजा, हेच संपूर्ण राष्ट्र, असे आबे सिएसने जानेवारी 1789 मधल्या आपल्या पुस्तिकेत ठासून सांगितले. 17 जूनला त्या वर्गाच्या प्रतिनिधींनी स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून घोषित केले आणि ऑगस्टमधल्या जाहीरनाम्याने सार्वभौमत्व राष्ट्राच्या ठायी असल्याचे नोंदवले. जमीन तीच राहिली, सातबाऱ्यावरचे नाव तेवढे बदलले.

अडचण इथूनच सुरू झाली. राजाला तोंड असते, राष्ट्राला नसते. मग त्याच्या वतीने बोलायचे कोणी? सभा, पॅरिसचा जमाव, जॅकोबिन क्लब, सार्वजनिक सुरक्षा समिती, प्रत्येकाने तो हक्क सांगितला. सत्ता अखंड मानली की विरोधकाला जागाच उरत नाही; त्याचे वेगळे मत थेट राष्ट्रद्रोह ठरते. दहशतीच्या काळात गिलोटिनने हा तर्क शेवटाला नेला. त्या दहशतीचा म्होरक्या रोब्सपियर याच्या पतनानंतरही तो सुटला नाही. 1797 मध्ये राजनिष्ठ निवडून आले तेव्हा सैन्य आणून अनेक ठिकाणचे निकाल रद्द केले गेले. पुढच्या वर्षी डाव्यांची पाळी आली. अखेर 1799 मध्ये सिएसच तलवार शोधू लागला. त्याची पहिली पसंती जनरल जूबेर होता. तो ऑगस्टमध्ये नोवीच्या लढाईत पडला आणि ऑक्टोबरमध्ये नेपोलियन बोनापार्ट इजिप्तहून परतला. जागा आधीच तयार होती, माणूस नंतर आला.

यावर कोणी म्हणेल, हे सारे युद्धाने घडवले. एप्रिल 1792 पासूनच्या युद्धाने सेनापतींना मोठे केले, हे खरेच. पण लष्कराला आपलासा करणारा एखादा सेनापती उद्या धनी होईल, असे ब्रिटिश विचारवंत बर्कने 1790 मध्येच, युद्धाआधी, लिहून ठेवले होते. अमेरिकेतही क्रांती झाली, विजयी सेनापतीही होता. पण तो सम्राट झाला नाही, कारण तिथे सत्ता राज्ये, काँग्रेस, अध्यक्ष आणि न्यायालये यांच्यात वाटलेली होती. दुसरा आक्षेप असा की, जुनी राजेशाहीच नवे कपडे घालून परतली. तसे असते तर 2 डिसेंबर 1804 रोजी नोत्र दाममध्ये पोप हजर असताना नेपोलियनने स्वतःच्या हाताने मुकुट घातला नसता आणि समान हक्क राखण्याची, राष्ट्रीय जमिनींचे व्यवहार कायम ठेवण्याची शपथही घेतली नसती. बूर्बाँ राजे देवाचा हवाला देत, हा मतांचा देत होता. त्याच्या नव्या राज्यघटनेवरच्या 1800 च्या सार्वमतात तीस लाखांवर होकार आणि 1,562 नकार जाहीर झाले. खरे होकार जेमतेम निम्मे होते, हे पुढे संशोधनातून सिद्ध झाले. पण खोटे आकडे तिथेच लिहिले जातात, जिथे खऱ्या आकड्यांना किंमत असते.

अर्थात ही संमती पोकळ होती. त्याच वर्षी पॅरिसच्या 73 राजकीय वृत्तपत्रांपैकी 60 बंद करण्यात आली. 1802 मध्ये वसाहतींतल्या गुलामगिरीला पुन्हा कायद्याचा आधार मिळाला. क्रांतीने सत्ता कोणाची, हा प्रश्न सोडवला. ती किती हातांत असावी, हा तसाच सोडला. म्हणूनच 2 डिसेंबर 1852 रोजी, राज्याभिषेकाच्याच तारखेला, नेपोलियनचा पुतण्या सार्वमताच्या जोरावर पुन्हा सम्राट झाला. त्याआधी तो प्रजासत्ताकाचा निवडून आलेला अध्यक्ष होता.