दैव पाचवं

बुद्धिबळात काळी मोहरी वाट्याला आली की माझी नात खूश होते. मला ते पटायचं नाही. पहिली चाल पांढऱ्याची. मोठ्या स्पर्धांचा हिशेब काढला तर 100 गुणांतले 54-55 तरी पांढऱ्याच्या पदरात पडतात. साखर कारखान्याच्या काट्यावर नोकरी केलेल्या माणसाला असं झुकतं माप खटकणारच.

मग कुठला रंग वाट्याला येतो हे प्रारब्धच म्हणायचं का? नेवाशात राहून प्रारब्धावर जपूनच बोलावं. इथेच 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. शनिशिंगणापूरही आमच्याच तालुक्यात, तेव्हा काळ्या रंगाला कमी लेखायची सोयच नाही! पण पारावर जो तो दैवाच्या नावाने पावती फाडतो, ते मला मान्य नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण (म्हणजे साधन), चेष्टा आणि दैव. दैव आहे, पण पाचवं. लोक आधीची चार ओलांडून थेट त्याच्यावर येतात.

पटावरही एकेकाळी दैव उघड बसलेलं असायचं. हजार वर्षांपूर्वी अल-बिरुनीने वर्णन केलेला भारतातला चौघांचा खेळ फाशांवर चालायचा. फासे गेले, आता दोन मुठींत दोन प्यादी लपवायची, समोरच्याने एक मूठ सांगायची, एवढंच उरलं.

मी सध्या कॅरो-कान बचाव घोटतोय. पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं की आपण वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं एकच घर सरकवायचं. देशी बुद्धिबळात प्यादं एकच घर चालायचं, त्यामुळे ही चाल मला लगेच आपली वाटली. फ्रेंच बचावात हा उंट घरातच कोंडतो, इथे तो बाहेर पडतो.

बाहेर पडला म्हणून सुटला असं नाही. पांढऱ्याने प्यादं ई-5 ला रेटलं, उंट एफ-5 ला आला, की पांढरा कडेचं प्यादं एच-4 ला टाकतो. 1961 च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत मिखाईल ताल बोट्विनिकविरुद्ध हे खेळला होता. नवशिक्या इथे सवयीने ई-6 खेळतो. मग जी-4, एफ-3, एच-5 अशी प्यादी चढत येतात आणि उंटाला पळायला घर उरत नाही.

"आबा, आधी आपलं प्यादं एच-5 ला टाका ना," नात म्हणते.

रंग मुठीतून आला, पांढऱ्याची चालही आपल्या हातात नव्हती, ते प्रारब्ध. चौथ्या चालीला ई-6 की एच-5, हे मात्र आपलं क्रियमाण, आत्ता करायचं कर्म. कीर्तनात ऐकलेला हा हिशेब इथे चोख बसतो. पण ज्याला एच-5 कुणी दाखवलीच नाही, त्याने काय करावं? नातीला शिकवणारं कुणी भेटलं, शेजारच्या पोराला नाही. हेही दैवच की! शास्त्री तसंच म्हणतील. मी मात्र शिकवणीला करणात धरतो, कारण साधन दुसऱ्याला देता येतं. ते पोरगं हल्ली रविवारी आमच्याकडे येतं. अजून पांढरीच मागतं.