रेम्ब्रां विकत घेण्याआधी

प्रिय मुक्ता,


दुकानदाराने दाखवलेल्या छापाचा फोटो पोचला. ‘मामा, हा खरा रेम्ब्रां आहे का?’ एवढंच विचारलंयस. त्याऐवजी असं विचार: हा छाप पत्र्याच्या कोणत्या वयातला?

रेम्ब्रां करायचा त्या एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेण-राळेचा थर देतात, सुईने त्यात चित्र काढतात आणि पत्रा ॲसिडमध्ये सोडतात. उघडं पडलेलं तांबं ॲसिड खातं. त्या चरांत शाई भरायची, वरची पुसायची आणि ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढायचा. या रेघा बऱ्यापैकी तग धरतात. रेम्ब्रां मात्र पुढेपुढे ड्रायपॉइंटकडे झुकला. तिथे ॲसिड नाही, सुई थेट तांब्यात. फाळाच्या कडेला माती उचलली जावी तशी रेघेलगत तांब्याची बर उभी राहते, तिच्यात शाई अडकते आणि रेघ मखमली उमटते. ही बर दर छपाईला चेपत जाते. थोड्याच प्रतींत मखमल संपते, मागे राहते नुसती कोरडी रेघ.

1653 चं त्याचं ‘तीन क्रूस’ ॲसिडशिवायच केलेलं आहे, ड्रायपॉइंट आणि ब्युरिन नावाच्या कोरणीने. काही प्रती त्याने चर्मपत्रावर काढल्या. त्यांत शाई थोडी पसरते आणि काळा रंग अधिक मऊ होतो. पुढे पत्रा झिजला, तेव्हा पठ्ठ्याने कितीतरी आकृत्या घासून काढल्या, एका जुन्या इटालियन पदकावरचा घोडेस्वार उचलून आणला आणि साऱ्यावर अंधाराच्या सरी ओतल्या. पत्रा तोच, चित्र दुसरंच. मला हे नंतरचं जास्त भावतं. पहिल्यात गर्दी फार बोलते.

रेम्ब्रां 1669 मध्ये गेला, पत्रे मात्र राहिले आणि त्यांच्यावर छपाई चालूच राहिली. अठराव्या शतकात पॅरिसच्या बासाँ नावाच्या प्रकाशकाने त्यातल्या बऱ्याच पत्र्यांचे संग्रह छापून विकले. रेम्ब्रांच्याच ‘हंड्रेड गिल्डर प्रिंट’ या चित्राचा पत्रा कॅप्टन बेली नावाच्या इंग्रजाळलेल्या आयरिश गृहस्थाने घेतला, त्यावर स्वतःचा हात चालवला, प्रती काढल्या आणि शेवटी पत्र्याचे चार तुकडे करून तेही छापले! अशा प्रतीला खोटी म्हणता येत नाही. पण तिच्यासाठी रेम्ब्रांच्या हातच्या प्रतीची किंमत मोजू नकोस.

कागदावर पत्र्याच्या कडांचा दाब दिसला म्हणूनही हुरळू नकोस. एकोणिसाव्या शतकात आमाँ-द्युराँ नावाच्या कारागिराने फोटोच्या साहाय्याने तांब्यावर रेम्ब्रांच्या छापांच्या हुबेहूब नकला केल्या. त्यांनाही तो दाब असतो. आमाँ-द्युराँचा शिक्का सहसा पाठीमागे सापडतो.

कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह बघ. पण जपानी कागदाला ते नसतं. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून येणारा हा पिवळसर, गुळगुळीत कागद रेम्ब्रांला फार प्रिय होता. मग भिंग घेऊन सगळ्यात गडद जागा तपास. काळ्यात खोली हवी. रेघा करड्या आणि तुटक झाल्या असतील तर पत्रा थकलेला समज.

पण त्याआधी डोळा तयार कर. ॲमस्टरडॅममधल्या रेम्ब्रांच्या घरात, जिथे आता संग्रहालय आहे, छपाईचं प्रात्यक्षिक दाखवतात. शाई कशी पुसतात ते नीट पाहा. राइक्सम्युझियममध्ये एकाच पत्र्याच्या आधीच्या-नंतरच्या प्रती शेजारी ठेवून बघायला मिळाल्या, तर सुट्टीचा अख्खा दिवस तिथेच घालव.

दुकानदाराला तूर्त काहीच कबूल करू नकोस. छाप फ्रेममधून काढायला सांग आणि पाठीमागचा फोटो पाठव. किमतीचं नंतर बोलू.

तुझा,
मामा