कोंबडीचे पंख आणि पहिले आसन



गेल्या पावसाळ्यात आम्ही बाजारातून तीन गावरान तलंगा आणल्या. निवासामागच्या खुराड्यात आधीच्या पाच कोंबड्या आणि एक कोंबडा होता. कोंबड्यांत कोंबड्या, दोन दिवसांत मिसळतील, अशा समजुतीने आम्ही त्यांना सरळ आत सोडले. संध्याकाळपर्यंत एकीच्या डोक्याची पिसे उपटली जाऊन रक्त आले होते. दुसरी पाण्याच्या भांड्याजवळ यायला धजत नव्हती. तिसरी तुराट्यांच्या ढिगात शिरली, ती काही केल्या बाहेर येईना.

आम्ही तिला धरायला धावलो. ती अधिकच आत शिरली. तेव्हा कुंपणापलीकडून शेजारच्या आजी म्हणाल्या, “फादर, तिच्या मागं धावू नका जी. घार बी वरूनच येते.”

एवढ्या एका वाक्याने आम्हाला थांबवले. आम्हाला वाटत होते, आपण तिच्या भल्यासाठी धावतो आहोत. तिला मात्र वरून येणारे हात तेवढे दिसत होते.

मग आजींच्या सांगण्याप्रमाणे सुरुवात केली. रक्त आलेलीला वेगळे ठेवले, कारण लाल डाग दिसला की इतर कोंबड्या तिथेच टोचत राहतात. मध्ये जाळी लावली, म्हणजे जुन्यांना नव्या दिसतील, पण चोच पोहोचणार नाही. आठवडाभराने जाळी काढली. दाणे एका जागी न टाकता तीन ठिकाणी टाकू लागलो, पाण्याची भांडी दोन केली, आणि आडोशाला दोन फळ्या उभ्या केल्या. रोज त्याच वेळी, तीच हाक देत, आम्ही जमिनीवर मांडी घालून बसू लागलो. ज्वारीचे दाणे आधी लांब टाकले, मग जवळ, मग तळहातावर धरले. तिसऱ्या आठवड्यात तुराट्यांतली ती तलंग आली, एक दाणा टिपला आणि पळाली. दुसऱ्या दिवशी दोन टिपले.

कोंबड्यांच्या या वागण्याचा अभ्यास नॉर्वेच्या थॉर्लेइफ श्येल्डेरुप-एब्बे या शास्त्रज्ञाने केला आणि 1922 साली तो प्रसिद्ध केला. त्याला असे दिसले की कळपात कोणी कोणाला टोचायचे याचा क्रम ठरलेला असतो. पहिली सर्वांना टोचते, दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना, आणि शेवटची कोणालाच नाही. हा क्रम एकदा बसला की भांडणे कमी होतात, नुसत्या नजरेनेही काम भागते. नवी कोंबडी आली की सगळी उतरंड पुन्हा हलते आणि चोची चालू लागतात.

आमच्या खुराड्यातही एक ‘पाटलीणबाई’ होती. तिला तीन-चार दिवस वेगळी ठेवली. परत आली तेव्हा तिचा तोरा उतरला होता, पण तोवर दुसरीने तिची जागा घेतली होती! तेव्हा आमच्या ध्यानात आले की दोष एकट्या तिचा नव्हता. सगळे दाणे एकाच जागी टाकणारे आम्हीही त्यात होतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत अगस्तीनचा एक विचार आम्ही पाठ केला होता. शांती म्हणजे सुव्यवस्थेतून येणारी स्वस्थता, असा त्याचा आशय आहे. आज वाटते, खुराड्यातही व्यवस्था असते आणि एक प्रकारची शांतीही असते. पण ती शेवटच्या कोंबडीच्या भीतीवर उभी असते. ती गप्प आहे, म्हणून ती सुखी आहे असे नव्हे. आपल्या देशात माणसांचीही अशी उतरंड शतकानुशतके चालत आली, आणि तिलाही पुष्कळांनी शांती मानले. संत अगस्तीनच्या मनातील सुव्यवस्था ही नव्हे. तीत प्रत्येकाला त्याची योग्य जागा मिळते आणि सारे परमेश्वरात एकत्र येतात.

आता संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा 23 वा अध्याय उघडून पाहा. त्याच्या आरंभी प्रभू येशू कोणाविषयी बोलतो? मेजवानीत मानाची जागा आणि सभास्थानात पहिले आसन ज्यांना आवडते, त्यांच्याविषयी. जो सर्वांत मोठा असेल त्याने सेवक व्हावे, असे तो बजावतो. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी, 37 व्या ओवीत, तो यरुशलेमकडे पाहून व्याकूळ होतो. कोंबडी आपली पिले पंखांखाली गोळा करते, तसे तुम्हाला गोळा करण्याची माझी किती इच्छा होती, पण तुम्हाला ते नको होते, असे तो म्हणतो.

पहिल्या आसनापासून सुरू झालेला अध्याय कोंबडीच्या पंखांपाशी येतो. प्रभूने स्वतःसाठी गरुडाची उपमा घेतली नाही. कोंबडी पिलांवर झडप घालत नाही. ती हाक देते, अंग खाली टेकवते, पंख पसरते आणि वाट पाहते. नको म्हणण्याची मोकळीकही त्या प्रेमात आहे, म्हणून तर ते प्रेम दुखावले जाते.

आमची एक चूक येथे कबूल करतो. पूर्वी एका धर्मग्रामात असताना एक नवी सून मिस्साला येऊन दाराशी बसत असे. तिचा संकोच मोडावा म्हणून आम्ही एका रविवारी सर्वांसमोर तिला वाचनासाठी पुढे बोलावले. ती उठली नाही. पुढच्या रविवारी ती आलीच नाही, आणि आमची बदली होईपर्यंत पुन्हा दिसली नाही. आमचा हेतू चांगला होता. पण घार बी वरूनच येते, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

वाशीमसारख्या जिल्ह्यात आपण ख्रिस्ती संख्येने थोडेच. थोडक्या लोकांत चोच लवकर लागते. कोण जुने, कोण नवे, कोणाचे घराणे मोठे, कोण कामासाठी कुठून आले, हे सर्वांना ठाऊक असते. मिस्सानंतर अंगणात आपण कोणाभोवती उभे राहतो? वाचन, गायन, अर्पणाची मिरवणूक, सणाच्या जेवणाची व्यवस्था, हे सगळे दाणे आपण एकाच जागी तर टाकत नाही ना? हा प्रश्न प्रथम आम्ही स्वतःला विचारत आहोत, कारण दाणे बहुधा आमच्याच हातून पडतात.

आपल्या कोंबड्याकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्याला दाणा सापडला की पुष्कळदा तो स्वतः गिळत नाही. चोचीत उचलून खाली टाकतो आणि कोंबड्यांना हाक देतो. पुढे असणाऱ्याचे काम हेच.

या आठवड्यात आपण प्रत्येकाने एक करावे. दाराशी बसणाऱ्या एकाच्या शेजारी जाऊन बसावे. त्याला पुढे ओढू नये, प्रश्नांचा भडिमार करू नये. नाव विचारावे, आपले सांगावे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच बसावे. ओळख तिसऱ्या आठवड्यात झाली तरी चालेल.

हे प्रभो, आम्हाला तुझ्या पंखांखाली घे, आणि तिथे आमच्याआधी शिरलेल्यांना व नंतर येणाऱ्यांना जागा करून द्यायला शिकव. आमेन.

आपला ख्रिस्तसेवक,
प्रमुख धर्मगुरू