दुसरं पदक

(होसकोटे, तळ्याचा बांध. काका इतिहासाचे निवृत्त शिक्षक. पुतणीची इंटर्नशिप संपत आली आहे. तिला सैन्याच्या वैद्यकीय दलात जायचंय.)

काका : ऑगस्ट १७६८. याच गावाजवळ मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर हैदरअलीनं रात्री छापा घातला. लढाई कोण जिंकलं ते पोरं पाठ करतात. जखमींना कोणी उचललं, हे परीक्षेत येत नाही.

पुतणी : इथले माहीत नाही, पण दुसऱ्या एका युद्धात नोएल शॅव्हासनं उचलले. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो आणि त्याचा जुळा भाऊ, दोघे चारशे मीटर धावले. पुढं हा डॉक्टर झाला आणि पलटणीबरोबर पहिल्या महायुद्धात गेला. १९१६ मध्ये गियमाँला शत्रूच्या खंदकापासून पंचवीस यार्डांवरच्या खड्ड्यातून त्यानं तिघांना काढलं. मेलेल्यांचे ओळख पटवणारे बिल्लेसुद्धा गोळा करून आणले.

काका : बिल्ल्यांसाठी डॉक्टर पणाला लावायचा? तो गेला तर उद्याचे शंभर जखमी कोणी बघायचे?

पुतणी : बिल्ला आला नाही तर आई वर्षानुवर्षं वाट बघते, काका. आणि आपल्याला न्यायला कोणीतरी येणार, एवढ्याच भरवशावर शिपाई खंदकाबाहेर पडतो.

काका : बरं, या शौर्याबद्दल त्याला मिळालेला पहिला व्हिक्टोरिया क्रॉस मान्य. दुसरा नाही. ३१ जुलै १९१७ ला, ईप्रजवळ, सुरुवातीलाच तो जबर जखमी झाला. तरी मागं फिरला नाही. पोटात अन्न नाही, अंगात त्राण नाही आणि हा जखमी वाहतोय! अशा हातांनी केलेले उपचार तू तुझ्या वॉर्डात चालवून घेशील?

पुतणी : वॉर्डात नाही. पण तिथं त्याच्या जागी दुसरं होतं कोण?

काका : प्रत्येक डॉक्टरला हेच वाटतं. दोन दिवसांनी तोफगोळा पडला, पोट फाटलं, ४ ऑगस्टला गेला. बत्तीस वर्षांचा. आता आर्थर मार्टिन-लीक बघ. तोही डॉक्टर, त्यालाही दोनदा तोच क्रॉस. तो जगला आणि आपल्या बंगाल-नागपूर रेल्वेत १९३७ पर्यंत रोगी तपासत राहिला.

पुतणी : तो वाचला हे नशीब, काका. त्याला शहाणपण म्हणू नका. गोळ्या त्यानंही अंगावर घेतल्याच होत्या.

काका : (थोडं थांबून) हे खरं.

पुतणी : मग अर्ज भरू?

काका : भर. पण स्वतः जखमी झालीस की मागं यायचं. तिथं ‘मी डॉक्टर आहे’ म्हणून हट्ट करायचा नाही.