गाडीखालचा पुठ्ठा

आमच्या गाडीखाली दोन वर्षं एक पुठ्ठा होता. टीव्हीच्या खोक्याचा. बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाबांची 2008 सालची छोटी गाडी उभी असते. तिचं इंजिन ऑईल गळायचं. फार नाही, रात्रभरात दहा-बारा थेंब. फरशीवर डाग पडतो म्हणून सेक्रेटरींनी एकदा टोकलं आणि मी पुठ्ठा सरकवला. पुन्हा कुणी काही बोललं नाही.

मेकॅनिकचं म्हणणं होतं, "जुनी गाडी आहे, थोडं गळणारच. अधूनमधून डिपस्टिक बघा, कमी वाटलं की टॉप-अप मारा." इंजिनापुरता हा सल्ला ठीक होता. तेलाची पातळी राहिली की इंजिन वाचतं. पण कमी झालेलं तेल जातं कुठे, हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ते जूनमध्ये दिसलं. पहिल्याच मोठ्या पावसात पार्किंगमध्ये पाणी शिरलं. पुठ्ठा तरंगत गेटपर्यंत गेला, मागे पाण्यावर रंगीत तवंग. पहाटे वॉचमन काका त्याच तेलकट फरशीवर घसरले. मनगट मुरगळलं, आठवडाभर क्रेप बँडेज. "बारिश में होता है," एवढंच म्हणाले. मीही मान डोलावली.

ती मान डोलावणं मला नंतर झोपू देईना. मी खोटं बोललो नव्हतो. फक्त पावसाला दोष घेऊ दिला होता.

बारा थेंबांची जबाबदारी ती किती? डेरेक पार्फिट या ब्रिटिश तत्त्वज्ञानं 'रीझन्स अँड पर्सन्स' या 1984 च्या पुस्तकात एक कल्पना मांडली आहे. हजार कैदी, हजार छळ करणारे. प्रत्येक जण एक बटण दाबतो, आणि त्यानं प्रत्येक कैद्याची वेदना इतकी किंचित वाढते की ती जाणवतही नाही. हजार बटणं दाबून झाली की मात्र सगळे कैदी तळमळत असतात. आता दोषी कोण? प्रत्येक जण म्हणू शकतो, माझ्यामुळे कुणाला काही जाणवलंच नाही. पार्फिटच्या मते इथेच आपलं नैतिक गणित चुकतं. परिणाम जाणवण्याइतका मोठा नाही, म्हणून तो नाहीच, असं आपण धरतो.

माझं गणित करून पाहिलं. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर रात्रीचे बारा थेंब वर्षाला पाव लिटरच्या जवळ जातात. आमच्या भागात पावसाचं पाणी गटारातून नाल्यात, नाल्यातून खाडीत जातं. तिथे कांदळवन आहे. कांदळवनांची तोड म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग, असं मुंबई उच्च न्यायालयानं 2018 मध्ये म्हटलं. माझ्या पाव लिटरनं एकही झाड मरणार नाही, हे मला माहीत आहे. पण पार्किंगमध्ये नजर टाकली तर आणखी चार पुठ्ठे दिसतात.

एका रविवारी बॉनेट उघडलं. गळती शोधताना पहिली गोष्ट कळते ती ही, की थेंब जिथे पडतो तिथे गळती नसते. तेल वरून ओघळतं, गाडी चालताना वाऱ्यानं मागे सरकतं आणि सगळ्यात खालच्या टोकावरून टपकतं. शिवाय इंजिनावर वर्षानुवर्षांचा तेल-धुळीचा थर, त्यात ताजं तेल ओळखू येत नाही. म्हणून आधी थंड इंजिन ब्रशनं रॉकेल लावून साफ केलं, खाली ट्रे ठेवून. पुसून पूर्ण वाळू दिलं, मग दहा मिनिटं सुरू ठेवून टॉर्च मारला. वरच्या टॅपेट कव्हरच्या कडेनं एक बारीक चकचकीत रेघ उतरत होती.

इंजिन पुन्हा गार झाल्यावर कव्हर काढलं. उष्णतेनं आतलं रबरी पॅकिंग प्लास्टिकसारखं कडक झालं होतं. नवं काही शे रुपयांत मिळालं. जागा साफ करून ते बसवलं, बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळले. जास्त आवळले तर पॅकिंग चेपून गळती वाढते.

काम झालं आणि खरी परीक्षा आली. ट्रेमध्ये लिटरभर काळं रॉकेल-तेल साचलं होतं आणि चार पावलांवर गटाराची जाळी. माझ्या मनात आलेलं पहिलं वाक्य होतं, "एकदाच तर आहे." म्हणजे दोन वर्षं थेंबाथेंबानं जे खाडीकडे सोडलं, ते थांबवण्यासाठी त्याहून जास्त एका दमात ओतायला मी तयार होतो.

शेवटी ते कॅनमध्ये भरलं आणि गॅरेजवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "त्या वेगळ्या पिंपात ओता. एक माणूस येऊन घेऊन जातो." पुढे कुठे, ते त्याला ठाऊक नव्हतं. 2016 च्या नियमांनुसार वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे, तो नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवा. तो माणूस तिथेच नेतो का? तो येईल त्या दिवशी मला फोन करायला सांगितलं आहे. नाहीतर ते पिंप म्हणजे माझा नवा, जरा मोठा पुठ्ठा.

रविवारी रात्री गाडीखाली पांढरा कागद पसरतो, सकाळी उचलून पाहतो. दोन महिने तो कोरडा आहे. पहिल्यांदा कोरडा निघाला त्या सकाळी वॉचमन काकांकडे गेलो आणि सांगितलं, तुम्ही घसरलात ते तेल आमच्या गाडीचं होतं.

"मालूम है," ते म्हणाले. "पुठ्ठा मैं ही तो सीधा करता था."