कुणाला दाखविणार?

काशीच्या घाटांची पहिलीवहिली छायाचित्रे पाहताना सर्वांत आधी जाणवते ती त्यांतील शांतता. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार 1863 साली हिंदुस्थानात आला आणि पुढील काही वर्षांत त्याने या नगरीची जी दृश्ये टिपली, ती आम्ही अनेकदा न्याहाळली आहेत. पायऱ्या आहेत, बुरूज आहेत, काठाला लागलेल्या नावा आहेत. परंतु जिच्यावाचून काशी ही काशीच नव्हे, ती गर्दी जवळजवळ नाही. नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन पडलेल्या आम्हांला पहाटे अंथरुणात जो कोलाहल ऐकू येतो, तो त्या काळी नव्हता असे कोण म्हणेल?

कारण अगदी साधे आहे. त्या काळी काचेवर रसायनाचा ओला थर देऊन, तो वाळण्यापूर्वीच चित्र घ्यावे लागे आणि जवळच्या काळोख्या तंबूत तेथल्या तेथे धुवावे लागे. काच काही सेकंद उजेडासमोर उघडी राही. तेवढ्या अवधीत जो हलला तो पुसट झाला. जो चालत गेला तो उरलाच नाही. बुडी मारणारा, अर्घ्य देणारा, धोतर पिळणारा, नातवाला दटावणारी आजी, हे सारे धुक्यासारखे विरले. उरले दगड, आणि उरली ती मोजकी माणसे, ज्यांना कोणीतरी ‘हलू नका’ असे बजावले होते.

मराठी माणूस ही चित्रे प्रथम अभिमानाने पाहतो. तेही स्वाभाविकच आहे. विश्वेश्वराचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी 1780 च्या सुमारास पुन्हा उभारले. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा स्तंभमंडप बायजाबाई शिंद्यांनी 1828 साली बांधविला. नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे, आणि स्वतःच्याच भाराने खचलेला तो शिंद्यांचा घाट तर जुन्या चित्रकारांचा व छायाचित्रकारांचा फारच आवडता. आपल्या लोकांनी केवढे बांधले, असे म्हणून आपण अल्बम मिटतो. परंतु ज्यांनी घाट बांधले त्यांची नावे दगडाला चिकटून राहिली, आणि ज्यांच्यासाठी घाट बांधले ती माणसे मात्र हलली म्हणून गेली, ही गोष्ट एकदा ध्यानात आली की तो अभिमान थोडा अवघडून बसतो.

बोर्नच्याही आधी, 1858 साली, फेलिचे बेआतो नावाचा आणखी एक छायाचित्रकार उत्तर हिंदुस्थानात हिंडत होता. काशीचीही चित्रे त्याने घेतली. परंतु त्याचे नाव गाजले ते लखनौमुळे. सिकंदरबागेत 1857 च्या नोव्हेंबरात शिपायांची जी कत्तल झाली, तिचे चित्र त्याने काही महिन्यांनी घेतले. उद्ध्वस्त वास्तूसमोर अस्थी विखुरलेल्या आहेत. त्या तशा पडलेल्या नव्हत्या, चित्रासाठी उकरून पसरविल्या होत्या, असे समकालीनांनीही नोंदविले आहे आणि आजचे अभ्यासकही मानतात. मेलेली माणसे हलत नाहीत. छायाचित्रकाराला तेवढी सोय.

हाच बेआतो 1863 साली जपानात पोहोचला आणि पुढची वीसएक वर्षे तेथे राहिला. योकोहामा बंदरात त्याने दुकान थाटले. हाकोनेचा डोंगराळ मुलूख, तोकाइदो या जुन्या राजमार्गावरची गावे, लाकडी पांथशाळा अशी दृश्ये तो विकू लागला. त्याच्या मागून आलेल्या कुसाकाबे किंबेईसारख्या जपानी छायाचित्रकारांनी तो धंदा वाढविला, आणि मियानोशितासारखी उष्ण झऱ्यांची गावे त्या रंगविलेल्या अल्बमांतून जगभर पोहोचली. तीर्थाचे गाव आणि उष्ण झऱ्याचे गाव यांत आपण समजतो तितके अंतर नाही. ज्याने वज्रेश्वरीची किंवा उन्हवऱ्याची कुंडे पाहिली आहेत त्याला हे पटेल. दोन्हींकडे माणूस घर सोडून येतो, परक्या छपराखाली उतरतो, वस्त्रे उतरवून पाण्यात शिरतो. म्हणजे दोन्हींकडे तो नेहमीपेक्षा अधिक उघडा असतो. नेमक्या याच ठिकाणी कॅमेरा सर्वांत आधी पोहोचावा, हा योगायोग आम्हांला वाटत नाही.

ती जपानी चित्रे देखणी आहेत. परंतु न्हाणाऱ्या, केस विंचरणाऱ्या ज्या स्त्रिया त्यांत दिसतात, त्यांपैकी पुष्कळ जणींना चित्रशाळेत आणून तसे बसविलेले असे. प्रवासी हौसेने ती चित्रे घेत आणि घरी गेल्यावर या लोकांच्या निर्लज्जपणाबद्दल भुवयाही उंचावीत. स्त्रीपुरुषांनी एकत्र स्नान करण्याची तेथील जुनी रीत परकीयांच्या डोळ्यांत खुपते म्हणून 1868 नंतरच्या मेइजी सरकारने तिच्यावर वारंवार बंदी घातली. ज्या लोकांना आपण उघडे आहोत हे ठाऊकच नव्हते, त्यांना ते पाहणाऱ्याने शिकविले. आणि हा पाहणारा पाण्यात उतरलाही नव्हता.

आता प्रश्न असा की, अशा रीतीने घेतलेली चित्रे आज आम्ही ‘आमचा वारसा’ म्हणून भिंतीवर लावावीत काय? ज्याचे चित्र घेतले त्याला विचारले नव्हते. विचारले असते तरी राज्यकर्त्या जमातीच्या माणसाला नाही म्हणण्याची सोय त्याला कितपत होती? स्थिर उभे राहणे ही संमती म्हणावी की आज्ञापालन, हे चित्रावरून ठरत नाही. आमच्यासारख्या कारकुनी पेशाच्या माणसाला तर आणखी एक गोष्ट बोचते. 1868 ते 1875 या काळात सरकारी आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड निघाले. त्यांत या देशातील माणसांची शेकडो छायाचित्रे आहेत, आणि बहुतेकांखाली नाव नाही. जात आहे, जमात आहे, स्वभावाविषयी चार तुच्छतेचे शब्द आहेत. आमच्या दप्तरात नाव असते आणि चेहरा नसतो. तेथे चेहरा आहे आणि नाव नाही. दोन्हींकडे माणूस अर्धाच पोहोचतो.

एक पक्ष असा आहे, आणि तो हलका नाही, की घेणाऱ्याचा हेतू काहीही असो, चित्र नसते तर आज हाती काय उरले असते? विश्वनाथ धामाचे उद्घाटन 2021 च्या डिसेंबरात झाले. मंदिरापासून गंगेपर्यंत प्रशस्त मार्ग झाला, वृद्ध यात्रेकरूंची सोय झाली, हे खरेच. त्यासाठी गल्ल्या आणि घरे गेली, हेही तितकेच खरे. त्या गल्ल्यांतून वळणे घेत दर्शनाला गेलेल्या माणसाला आज त्या दाखवायच्या झाल्या तर चित्रावाचून दुसरे साधन नाही. तेव्हा चोरीचे म्हणून हे धन टाकून द्यावे, असे म्हणण्याइतके सोवळे आम्ही नाही. परंतु जवळ बाळगणे वेगळे आणि मालकी सांगणे वेगळे. ज्या चित्रातल्या माणसाचे आपण काही लागत नाही, त्याच्याकडे निदान पाहुण्यासारखे पाहावे. त्याच्या ओल्या अंगावरून नजर पुढे न्यावी, आणि तो तेथे कशासाठी आला होता ते आठवावे. एवढे बंधन पाहणाऱ्याने स्वतःवर घालून घेतले तर घेणाऱ्याचा अपराध पुसला जात नाही. तो पुढे चालू राहत नाही, इतकेच.

हे सारे आम्हांला पुस्तकातून सुचले असते तर बरे होते. गेल्या कार्तिकात आमची मावशी वाईहून आली होती. पंचगंगा घाटावर स्नान करून ती पायऱ्या चढत होती, तोच एका नावेतल्या गृहस्थाने कॅमेरा उचलला. मावशीने झटकन पदर ओढून पाठ फिरविली आणि आम्हांला विचारले, “अरे, हा फोटो तो कुणाला दाखविणार?” आम्ही म्हणालो, “असू दे गं, सगळेच काढतात.” हे म्हणताना आमच्या खिशातल्या फोनमध्ये त्याच घाटावरच्या, त्याच वयाच्या एका अनोळखी बाईचे चित्र होते. उगवतीकडे तोंड, हात जोडलेले. ते आम्ही चांगले साधले म्हणून चारचौघांना पाठविलेही होते. त्या बाईंनी आमच्याकडे पाहिलेसुद्धा नव्हते. म्हणूनच ते साधले होते.

तासाभराने कोरडे लुगडे नेसून, कुंकू लावून मावशी स्वतःच म्हणाली, “आता माझा एक काढ. घरी दाखवायला.” घाटाकडे पाठ करून ती ताठ उभी राहिली. हात दोन्ही बाजूंना सरळ, पापणीसुद्धा हलविली नाही. आजच्या यंत्राला क्षणाचा अंशही पुरतो, हे तिला सांगण्याचा धीर आम्हांला झाला नाही. तिला जसे दिसायचे होते तशी ती उभी होती, आणि कुणाला दाखवायचे हे तिला ठाऊक होते.

दुपारी उपाध्यायांकडे गेलो. मराठी यात्रेकरू पूर्वी उतरत ते क्षेत्रोपाध्यायांच्या वाड्यातच. ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या बाजूला तशी जुनी घरे अजून आहेत. गावाचे व आडनावाचे नाव सांगताच गुरुजींनी वही काढली. लांबट, लाल कापडाच्या बांधणीची. चार पाने उलटल्यावर मावशीच्या वडिलांची नोंद निघाली. मोडीत दोन ओळी, खाली त्यांची सही. घरी त्यांचे एकही छायाचित्र नाही. मावशीला मोडी येत नाही. तिने नुसतेच त्या ओळीवरून बोट फिरविले. सहीचा शेवटचा फराटा जरा थरथरलेला होता, गंगेवरून नुकतेच येऊन थंडीत लिहिल्यासारखा. मग गुरुजींनी कोरी जागा दाखविली, आणि मावशीने तीन पिढ्यांची नावे सावकाश लिहिली.

“खाली फोनचा आकडाही घाला, आई,” गुरुजी म्हणाले. “हल्ली तोही घेतो.”

फोटो चिकटवून घेता का, असे आम्ही विचारले. गुरुजींनी पान वाळेपर्यंत वही उघडीच धरली होती. “नको,” ते म्हणाले, “फोटोने वही फुगते. मग नीट बांधता येत नाही.”