भय कोणाच्या घरात उतरते

भारतात ज्यूंचा कधी छळ झाला नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. वाशीमसारख्या जिल्ह्यात, जिथे ज्यू माणूस बहुतेकांना पुस्तकात किंवा बातमीतच भेटतो, तिथेही हे वाक्य ठामपणे कानावर येते. ते बरेचसे खरे आहे. पण त्यावरून आपण स्वतःच्या स्वभावाबद्दल जो निष्कर्ष काढतो, तो मला पटत नाही.

पिढ्यान्‌पिढ्यांच्या छळाने घराचे काय होते, हे युरोपातल्या ज्यूंनी भोगले. नाझी छावण्यांतून वाचलेल्यांची मुले, ज्यांनी स्वतः छावणी पाहिलीही नव्हती, तीही मनाने कोलमडून दवाखान्यात येतात, हे माँट्रियलचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिव्हियन रॅकॉफ यांनी १९६६ मध्ये मांडले. पुढे रेचल येहुदा यांनी २०१५ मध्ये अशा आईबापांत आणि त्यांच्या मुलांत ताणाशी संबंधित एका जनुकावर वेगळ्या रासायनिक खुणा आढळल्याचे प्रसिद्ध केले. तपासलेली माणसे थोडी होती, त्यामुळे त्यावर वाद झाले. भय रक्तातून उतरते का, हे संशोधकांना ठरवू द्यावे. ते उतरायला घर पुरेसे आहे. ताटात अन्न उरले की आई कासावीस होते, दारावर थाप पडली की वडील बोलता बोलता थांबतात, आजोबांचा विषय कोणी काढत नाही. मुलाला यापेक्षा जास्त सांगावे लागत नाही.

कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या घरांना हा धडा मिळाला नाही. त्यांच्याकडे संकटाची जी कथा चालत आली ती जहाज फुटल्याची. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला सात पुरुष आणि सात स्त्रिया जिवंत लागल्या, बाकीचे बुडाले. या कथेत शत्रू नाही, आणि समुद्रावर पिढ्यान्‌पिढ्या राग धरता येत नाही. मग तेलाचा घाणा आला, शनिवारी तो बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ ही ओळख आली, पेणकर, रोहेकर, दिवेकर ही गावांवरून पडलेली आडनावे आली, एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाचे मलिद्याचे ताट आले. १७९६ मध्ये सॅम्युअल दिवेकर यांनी मुंबईत सिनेगॉग उभारले. पुढे या समाजात बायबलमधल्या कथांवर मराठीतून कीर्तनेही झाली. याच किनाऱ्यावर खाली गोव्यात मात्र पोर्तुगीजांचे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, होते. वनस्पतींवर थोर ग्रंथ लिहिणारे वैद्य गार्सिया द ऑर्ता मूळच्या ज्यू घराण्यातले. त्यांच्या मृत्यूनंतर १५६९ मध्ये त्यांच्या बहिणीला गोव्यात जाळले गेले, आणि १५८० मध्ये त्यांची स्वतःची हाडे उकरून जाळली गेली. त्या घरात धर्म दार लावून पाळावा लागत असे. नवगावच्या वारसांना तसे करावे लागले नाही, ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती मी कमी लेखत नाही.

पण आपल्या गावगाड्याने त्यांना जागा दिली तशी जातही दिली. बेने इस्रायलांतही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन थर पडले आणि गोऱ्यांनी काळ्यांशी सोयरीक टाळली. भेदाचा हा वारसा त्यांना याच मातीतून मिळाला.

आणि तुमचे कूळ शुद्ध आहे का, हा प्रश्न त्यांना अधिकृतपणे विचारला गेला तो ते इस्रायलमध्ये स्थलांतरित झाल्यावर. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले की बेने इस्रायल व्यक्तीचे लग्न इतर ज्यूंशी लावण्यापूर्वी तिच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. आजन्म शब्बाथ पाळलेल्या आजीच्या ज्यू असण्यावर शंका! लोक जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यू असल्याचे जाहीर केले आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. ज्या घरांनी कधी छळ सोसला नव्हता, त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला आलेली ही अपमानाची गोष्ट, आणि ती आपल्याच माणसांकडून आलेली. ज्यू म्हणून ठार मारले जाण्याची भीती महाराष्ट्रात आली ती नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात, मुंबईत कुलाब्याच्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात. तिथे राब्बी गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का यांच्यासह सहाजण मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला सँड्रा सॅम्युअल या त्याच्या आयाने बाहेर काढले.

आता वाशीम. माँट्रियलच्या दवाखान्यात जे दिसले ते इथे पाहायचे असेल तर पारधी बेड्यावर जावे. १८७१ मध्ये ब्रिटिशांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पारध्यांसारख्यांचा जन्म हाच गुन्ह्याचा पुरावा ठरवला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला. त्यानंतर तीन पिढ्या गेल्या, तरी पोलिसांची गाडी दिसली की पळायचे, हे बेड्यावरच्या पोराला चालता येऊ लागताच कळते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी या मुलांसाठी आश्रमशाळा काढली आणि तिचे नावच ‘प्रश्नचिन्ह’ ठेवले.

तेल्याला जागा देणारा समाज आणि पारध्याला हाकलणारा समाज एकच आहे. घाणा चालवणारा गावाला हवा होता, तो एका जागी राहत होता, त्याचे काम ठरलेले होते. रानात फासे लावत फिरणाऱ्याला शिवार नव्हते, सातबारा नव्हता, गावाच्या उतरंडीत पायरीच नव्हती. आपली सहिष्णुता जागा ठरलेल्यांपुरती होती. ज्यूंना तिचा लाभ झाला. तो आपल्या रक्तातल्या औदार्याचा पुरावा नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांच्या नोंदवह्यांतून जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. तो निघेलही. पण गावात मोटारपंप चोरीला जातो, फौजदार विचारतो, ‘कोणावर संशय?’, आणि कसलीही नोंदवही न उघडता, काहीही पाहिलेले नसताना, उत्तर देणारे आपणच असतो.